खाली खाज, आग, कोरडेपणा: आधी साबण बाजूला ठेवा

तिथे, म्हणजे जांघेत, अंडकोषाला किंवा शिश्नाला, खाज सुटली किंवा कातडी कोरडी पडून चुरचुरायला लागली की बहुतेक पुरुष पहिली गोष्ट करतात ती म्हणजे साबण वाढवतात. एकदा आंघोळ करणारा दोनदा करायला लागतो, हाताने धुणारा स्पंज घेऊन घासायला लागतो, कोणी पाण्यात अँटिसेप्टिक ओततो, कारण डोक्यात गणित एकच, खाज म्हणजे घाण आणि घाण म्हणजे धुवा. थोडा वेळ बरं वाटतं, मग आधीपेक्षा जास्त आग होते, मग अजून साबण. हे चक्र महिनोनमहिने चालू शकतं आणि माणूस कोणाला सांगत नाही, कारण सांगणार काय आणि कोणाला.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पण मला लहानपणापासून एक्झिमा आहे, कोपराच्या आत, गुडघ्यामागे, मानेवर, आणि मोठं झाल्यावर अधूनमधून खाली पण. त्यामुळे कोरडी कातडी काय काय नखरे करते हे मला अंगावर माहीत आहे आणि स्किनच्या डॉक्टरांपुढे कपडे काढायची लाज कधीच संपलेली आहे. ओळखीतल्या लोकांना हे माहीत आहे म्हणून ते विचारतात, आधी पाच मिनिटं भलतंच बोलतात आणि मग हळूच विषय काढतात. दरवेळी मी जवळपास तेच सांगतो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

तर साबण. आपल्या कातडीचा वरचा थर किंचित आंबट असतो, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) साधारण ५ च्या आसपास, आणि नेहमीचा वडीचा साबण असतो ९ ते १०. म्हणजे प्रत्येक वेळी धुतलं की तो आंबटपणा जातो आणि कातडीच्या पेशींच्या मधे जे स्निग्ध पदार्थ असतात, जे पाणी आत धरून ठेवतात, ते पण थोडे थोडे धुवून जातात. हातापायाची कातडी जाड असते, ती सावरते. खालची सावरत नाही, किंवा सावरायला वेळ मागते आणि आपण तो देत नाही.

१९९३ साली वैद्यकीय मासिकात आलेला एक अभ्यास आहे, छोटाच, शिश्नाच्या टोकाला वारंवार लाली आणि जळजळ होणाऱ्या ४३ पुरुषांचा. त्यातल्या ३१ जणांना, म्हणजे ७२ टक्के लोकांना, जंतू-बिंतू काही नव्हतं, नुसती घासून-धुवून चिडलेली कातडी होती. आणि ह्या लोकांमध्ये दोन गोष्टी जास्त दिसल्या, एक म्हणजे माझ्यासारखी ॲलर्जीची, एक्झिम्याची पार्श्वभूमी आणि दुसरी, दिवसातून जास्त वेळा साबणाने धुण्याची सवय. ३१ पैकी २८ जणांचं काम साबण कमी करून आणि साधं मॉइश्चरायझर लावून झालं. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण त्यात कोणी काही भारी शोधून काढलेलं नाही, फक्त साबण काढून घेतला.

बरं, ‘खालची कातडी’ असं आपण एका दमात म्हणतो पण तिथे तीन वेगवेगळ्या प्रकारची कातडी आहे आणि तिघींचे स्वभाव वेगळे. जांघेची कातडी नेहमीसारखीच, पण घडीत असते, तिथे घाम अडकतो, हवा लागत नाही, चालताना काचते. अंडकोषाची कातडी फार पातळ, तिच्याखाली चरबीचा थर नसतो, थंडी वाजली की आकसते आणि गरम झालं की सैल पडते, सुरकुत्या भरपूर आणि त्या सुरकुत्यांत जे जाईल ते बसून राहतं. आणि तिसरी म्हणजे शिश्नाच्या टोकाची आणि पुढच्या कातडीच्या आतल्या बाजूची, जी जवळजवळ ओठाच्या आतल्या कातडीसारखी नाजूक असते. जांघेला कोरडं ठेवायचं असतं आणि टोकाला कोरडं पडू द्यायचं नसतं, हे उलट आहे हे लक्षात न घेता सगळीकडे एकच पावडर नाहीतर एकच क्रीम फासलं की गोंधळ होतो.

अंडकोषाच्या सुरकुत्यांवरून आठवलं, १७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज सर्जनने लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या लोकांना अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर होतो आणि त्याचं कारण काजळी. कामातल्या पदार्थामुळे कॅन्सर होतो हे पहिल्यांदा नीट ओळखलं गेलं ते ह्या जागेवर. घाबरवायला सांगत नाहीये, आज काजळीत कोणी नागडं उतरत नाही. पण ग्रीस, सिमेंट, रंग, थिनर, शेतातली फवारणी, असलं काम करणाऱ्यांनी लघवीला जाऊन आल्यावर तर हात धुवावेतच पण जायच्या आधी पण धुवावेत, आणि हे कोणी सांगत नाही. हाताची कातडी जे सहन करते ते तिथली करत नाही.

आता चिडवणाऱ्या गोष्टींची यादी माणूस करायला बसला तर संपत नाही. अँटिसेप्टिक लिक्विड, जे फरशीसाठी ठीक आहे आणि जखमेसाठी पाण्यात पातळ करून ठीक आहे, ते रोजच्या आंघोळीत ह्या जागेला लागायचं काही कारण नाही आणि तसंच न पातळ करता लावलं तर चक्क भाजतं. मेंथॉलवाली गारगार पावडर. डिओ, होय, डिओ मारणारे लोक आहेत. हँड सॅनिटायझर. फुटलेल्या टाचांचं क्रीम, ज्यात युरिया किंवा सॅलिसिलिक ॲसिड असतं, ‘कोरडेपणाचंच आहे ना’ म्हणून लावणारे आहेत आणि नंतर बाथरूममध्ये नाचणारे पण तेच. वेट वाइप्स, ह्यांच्यावर माझा विशेष राग आहे कारण त्या ‘सौम्य’ म्हणून विकल्या जातात आणि काहींमध्ये मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं किंवा असायचं, ज्याला अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिसवाल्या (कातडीला काही लागून होणाऱ्या पुरळाच्या) डॉक्टरांच्या संस्थेने २०१३ साली त्या वर्षीचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, म्हणून निवडलं होतं, इतके लोक त्याने त्रासले होते. मागच्या बाजूला खाज येणारे बरेच जण ह्याच वाइप्सने पुन्हापुन्हा पुसत असतात आणि मग खाज का जात नाही म्हणून अजून पुसतात.

केस काढायचं क्रीम हा वेगळाच अध्याय. ते केस विरघळवतं ते प्रचंड अल्कलाईन (आंबटाच्या उलट) मिश्रणातल्या केसाचं प्रथिन तोडणाऱ्या रसायनाने, आणि केस ज्या प्रथिनाचा बनतो तेच प्रथिन कातडीच्या वरच्या थरात पण असतं, मग ते क्रीम केस कुठला आणि कातडी कुठली ते कसं ओळखणार. अंडकोषाला लावू नका. डब्यावर बारीक अक्षरात बहुतेक वेळा लिहिलेलं पण असतं. रेझरने पण केस उलट दिशेने खरवडले की पुरळ, आत वळलेले केस आणि आठवडाभर खाज. काढायचेच असतील तर ट्रिमर, पुढे गार्ड लावून, आणि थोडे केस राहू द्या. केस असले म्हणजे अस्वच्छ ही कल्पना कुठून आली मला माहीत नाही पण घडीतल्या कातडीला घासण्यापासून ते थोडं वाचवतात हे नक्की.

कपड्यांबद्दल लोक खूप लिहितात, मी थोडक्यात आटपतो. सुती, घट्ट नाही, घाम आला की बदला, डिटर्जंट कमी टाका आणि एकदा जास्त पाण्यातून काढा, सॉफ्टनर नको. व्यायाम करून त्याच ओल्या चड्डीत दोन तास बसू नका. सायकल चालवणाऱ्यांनी पॅडवाली शॉर्ट उतरली की लगेच काढावी. झालं.

घर्षणाबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलू कारण बाकी कोणी बोलत नाही. टोकाची किंवा पुढची कातडी कोरडी, लाल, बारीक पापुद्रे निघतायत आणि दुसरं काही नाही, तर विचारायचा पहिला प्रश्न साबणाचा आणि दुसरा हाच, की हस्तमैथुन कोरड्या हाताने, घाईत, जोर लावून चाललंय का. किंवा साबणाचा फेस लावून, जे अजूनच वाईट. सेक्स पुरेशा ओलाव्याशिवाय झाला तरी तेच होतं. ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तळहाताला फोड येतो तसंच आहे. काही दिवस विश्रांती द्या, आणि नंतर वंगण वापरा. वंगणात पण गरम वाटणारं, गार वाटणारं, वासाचं, ‘जास्त वेळ टिका’ म्हणणारं बधिर करणारं, हे सगळं वगळा. साधं पाण्याचं किंवा सिलिकॉनचं. पाण्याच्या वंगणात ग्लिसरिन फार असेल तर काही जणांना तेही झोंबतं, मला झोंबतं.

मग करायचं काय, तर सुरुवातीला करायचं कमी आणि बंद करायचं जास्त. दोन-तीन आठवडे त्या जागेवरचं सगळं थांबवा, साबण, पावडर, वाइप्स, कोणी सांगितलेलं तेल, सगळं. कोमट पाणी, गरम नाही, गरम पाण्याने खाजेला त्या क्षणी स्वर्ग वाटतो आणि रात्री बदला घेतला जातो. हाताने, स्पंज नाही. पुढची कातडी सहज मागे जात असेल तर मागे घेऊन नुसत्या पाण्याने धुवायचं, दिवसातून एकदा पुरे, आणि ती परत पुढे आणायची, हे विसरायचं नाही, का ते शेवटाकडे सांगतो. धुवायचंच नाही असं मी म्हणत नाहीये हं, आत साचणारा पांढरा थर काढला नाही तर त्यानेही जळजळ होते, म्हणजे न धुणं आणि अति धुणं दोन्ही टोकं वाईट. बाकी अंगाला साबण लावताना फेस वाहून खाली येतो तेवढा नीट धुवून टाका. साबणाशिवाय अगदीच चैन पडत नसेल तर बिनवासाचा सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली धुण्याची वडी, ज्याचा पीएच साडेपाचच्या जवळ असतो, तोही जांघेपुरता.

टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. आणि कातडी किंचित ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली, अगदी पातळ, चमक येईल इतपत. साधी, बिनवासाची, बिनरंगाची. १८७२ साली चेसब्रोने व्हॅसलीनचं पेटंट घेतलं तेव्हापासून ह्या पदार्थात फार काही बदललेलं नाही आणि तेच त्याचं सौंदर्य, त्यात झोंबण्यासारखं काही नसतं, ॲलर्जी क्वचितच होते, पाणी आत अडवून ठेवणं एवढंच काम ते करतं. अंडकोषाला चालतं, शिश्नाला चालतं, टोकाला चालतं. जांघेच्या घडीत मात्र जाड थर नको, घाम अडकतो. तिथे काचलं असेल तर झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम, बाळांच्या रॅशसाठी मिळतं तेच, पातळ लावा. लोशनपेक्षा मलम बरं, कारण लोशनमध्ये पाणी जास्त, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह जास्त, म्हणून भेगा असतील तर चुरचुर जास्त.

रात्रीची खाज हा खरा शत्रू. दिवसभर माणूस कामात असतो, रात्री हात आपोआप जातो, अर्धवट झोपेत खाजवलं जातं, आणि अंडकोषाची कातडी सतत खाजवली की ती जाड, चामड्यासारखी, गडद होते. मग जाड झालेली कातडी अजून खाजते. ह्याला डॉक्टर लायकेन सिम्प्लेक्स म्हणतात, मूळ कारण कधीच निघून गेलेलं असतं आणि खाज मात्र स्वतःच्या बळावर चालू राहते. नखं कापा. थंड पाण्याचा ओला फडका पाच-दहा मिनिटं ठेवा, बर्फ थेट नको. तेवढ्याने झोप लागत नसेल तर डॉक्टरकडून रात्रीची गोळी घ्या, ताण असेल तर त्याचाही हिशोब करा, ताणाच्या दिवसांत माझी खाज वाढते हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मला खाजेवरून कळतं आपण चिंतेत आहोत.

आता ट्यूब. हा भाग लांबणार आहे कारण सगळ्यात जास्त वाटोळं इथे होतं.

मेडिकलमध्ये जाऊन खालच्या आवाजात ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हातात पडतं ते मिश्रण, एक बुरशीचं औषध, एक अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइड, आणि स्टेरॉइड पण साधंसुधं नाही, क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन, म्हणजे तळपायाच्या जाड कातडीसाठी शोभेल असं. लावलं की दोन दिवसांत खाज गायब. माणूस खूश, मित्राला नाव सांगतो, मित्र अजून एकाला. खाज गेली कारण स्टेरॉइडने कातडीतली सूज आणि प्रतिकार दोन्ही दाबले. खाली बुरशी असेल तर तिला आता अडवायलाच कोणी नाही, ती निवांत पसरते, तिची ओळखीची गोल कडा पण पुसली जाते आणि नंतर डॉक्टरला सुद्धा बघून ओळखता येत नाही हे नक्की काय आहे.

आणि ह्या जागेचा आकडा लक्षात ठेवा. १९६७ मध्ये दोन संशोधकांनी मोजलं होतं की हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या कुठल्या भागातून किती आत जातं. हाताच्या पुढच्या भागातून, म्हणजे कोपर ते मनगट, जेवढं जातं ते १ धरलं तर अंडकोषातून ४२ पट. बेचाळीस. म्हणजे हातावर लावायला सांगितलेलं क्रीम तिथे लावलं की ते वेगळंच औषध झालं. आठवडेच्या आठवडे लावत राहिलं की कातडी कागदासारखी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, जांघेत ताणल्यासारखे पट्टे पडतात आणि ते पट्टे जात नाहीत, आयुष्यभर राहतात. त्याहून वाईट म्हणजे बंद केलं की अंडकोष लालभडक होऊन आगीसारखा पेटतो, बसवत नाही, चालवत नाही, आणि ट्यूब परत लावली की शांत. माणसाला वाटतं बघा, औषधाशिवाय भागतच नाही आपलं. खरं म्हणजे आता आग त्या औषधाचीच असते. असं महिनोनमहिने लावलेलं असेल तर एकटे बंद करून बसू नका, कसं सोडायचं ते डॉक्टर सांगतात आणि त्या काळात आधार लागतो.

स्टेरॉइड वाईट असं मात्र माझं म्हणणं नाही, मी स्वतः वापरतो, कोणतं, किती दिवस, कुठे हे ठरवून. एक्झिमा भडकला की सौम्य प्रकारचं, थोडेच दिवस, आणि मग परत नुसतं व्हॅसलीन. काही आजारांत तर तीव्र स्टेरॉइड हाच खरा उपचार असतो, पुढे येईल. राग आहे तो न बघता, न विचारता, महिनोनमहिने फासण्यावर.

दोन-तीन आठवडे सगळं बंद करून, व्हॅसलीन लावूनही फरक नाही, तर मग हा नुसता कोरडेपणा नाही असं समजा आणि नीट उजेडात, आरसा घेऊन बघा. खरंच बघा, बरेच पुरुष बघतच नाहीत, नुसतं खाजवतात. जांघेत लालसर तपकिरी चट्टा, कडा उठावदार, कडेला पापुद्रे, मधे बरं झाल्यासारखं, तर गजकर्ण, म्हणजे बुरशी. ते सहसा मांडीकडे पसरतं आणि अंडकोषाला सोडून देतं, ही एक उपयोगाची खूण. पाय पण तपासा, बोटांच्या बेचक्यात पांढरी भिजलेली कातडी असेल तर बुरशी तिथूनच चड्डी घालताना वर येते, म्हणून आधी मोजे घाला मग चड्डी, ऐकायला वेडेपणा वाटतो पण कामाचा आहे. टॉवेल वेगळा. आणि चट्टा दिसायचा बंद झाला म्हणून औषध थांबवायचं नाही, सांगितलेले दिवस पूर्ण करायचे.

टोकाला लाल चकचकीत, बारीक ठिपके, पांढरा दह्यासारखा थर, पुढच्या कातडीला उभ्या भेगा, तर कँडिडा नावाची बुरशी, आणि हे पुन्हापुन्हा होत असेल तर क्रीम नंतर, आधी साखर तपासा. मधुमेह आहे हे कित्येकांना पहिल्यांदा इथूनच कळतं. ज्यांना आधीच मधुमेह आहे आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे त्यांनी हे जास्त लक्षात ठेवा, ही औषधं साखर लघवीतून बाहेर टाकतात, म्हणून तिथे कँडिडाला मेजवानी. गोळी आपल्या मनाने बंद करू नका पण डॉक्टरला सांगा. आणि जोडीदाराला पण खाज असेल तर दोघांनी एकदम उपचार घ्या.

सोरायसिस ह्या जागी फसवतो, बाकी अंगावर चांदीसारखे पापुद्रे असतात तसे इथे नसतात, ओलाव्यामुळे नुसता गुळगुळीत लाल चट्टा दिसतो. कोपर, डोक्याची कातडी, नखं बघा, तिथे पुरावा सापडतो. शिश्नावर, अंडकोषावर कडक खाजऱ्या गाठी, खाज रात्री जास्त, आणि घरातले बाकीचे पण खाजवतायत, तर खरूज. त्यात एकट्याने औषध लावून काही होत नाही, सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. एकाच ठिकाणी परत परत गोल गडद डाग उठत असेल तर आठवा की त्याआधी कुठली पेनकिलर किंवा अँटिबायोटिक घेतली होती, काही औषधांची ॲलर्जी अशी ठरलेल्या जागीच येते, आणि टोक ही तिची आवडती जागा.

आणि एक ज्याच्याबद्दल फार कमी पुरुषांनी ऐकलेलं असतं, लायकेन स्क्लेरोसस. कातडी पांढुरकी, चकाकणारी, कोरडी होते, पुढची कातडी हळूहळू घट्ट होत जाते, आधी सहज मागे जायची ती आता जात नाही, ताठरता आली की चिरते. लोक वर्षानुवर्षं ह्याला ‘कोरडेपणा’ म्हणत तेल लावत राहतात. उपचार न केल्यास लघवीचा मार्ग अरुंद होऊ शकतो आणि थोड्या लोकांत पुढे कॅन्सरचा धोका पण असतो. ह्यालाच ते तीव्र स्टेरॉइड लागतं, डॉक्टरच्या नजरेखाली, आणि काहींना सुंता. मोठ्या वयात पुढची कातडी अचानक घट्ट व्हायला लागली तर वाट बघू नका.

उलट काही गोष्टी आजारच नसतात आणि लोक त्यांना घासून घासून आजार करतात. टोकाच्या कडेने ओळीत बसलेले बारीक मोत्यासारखे दाणे, कातडीखाली दिसणारे पिवळट पांढरे ठिपके, हे नैसर्गिक आहे, तसंच राहू द्या. वर्षानुवर्षं तिथेच असलेल्या दाण्यांवर चामखिळीचं ॲसिड लावणाऱ्यांना मी काय सांगू.

न दुखणारी जखम, पाण्याच्या फोडांचा झुबका, लघवीच्या वाटेतून पू, नवीन जोडीदारानंतर काहीही नवं, तर कुठलीही ट्यूब न लावता तपासणी. जखम आपोआप भरली तरी. सिफिलिस ह्या लैंगिक आजाराची जखम भरते आणि आजार आत राहतो.

डॉक्टरकडे जाताना चालू असलेलं आणि आधी लावलेलं सगळं, रिकाम्या ट्यूबसकट, पिशवीत घालून न्या. लपवलंत तर त्यांना अंदाजाने चालावं लागतं. त्रास ये-जा करत असेल तर वाढलेल्या दिवशी फोटो काढून ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी कातडी नेमकी शहाण्यासारखी वागते. (फोटो वेगळ्या लॉक फोल्डरमध्ये, फॅमिली ग्रुपवर काही गेलं तर मी जबाबदार नाही.) बुरशीची शंका असेल तर थोडं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, दुखत नाही. ॲलर्जी वाटली तर पाठीवर पॅच लावून तपासतात. आणि कपडे काढायला सांगितले नाहीत, नुसतं ऐकून ट्यूब लिहून दिली, तर ‘डॉक्टर, एकदा बघून घ्या’ असं तुम्हीच म्हणा. तुम्हाला जेवढं अवघडल्यासारखं होतं तेवढं त्यांना होत नाही, त्यांच्यासाठी ती दिवसातली अजून एक कातडी.

दोन गोष्टींना मात्र अपॉइंटमेंट नाही, थेट हॉस्पिटल. एक, पुढची कातडी मागे घेतली आणि टोकामागे अडकून बसली, सूज यायला लागली, परत येत नाही, ह्यात रक्तपुरवठा थांबू शकतो, म्हणून वर म्हटलं की धुतल्यावर ती पुढे आणायचीच. दोन, अंडकोष किंवा मागच्या बाजूची कातडी झपाट्याने सुजतेय, दिसतं त्याच्या मानाने वेदना भयंकर, ताप, कातडी काळसर, हे क्वचित होतं पण तासांचा खेळ असतो, मधुमेह असलेल्यांनी तर सकाळपर्यंत सुद्धा थांबू नये.

वडील मंडळींचं एक राहिलं. वय झालं की लघवी झाल्यावर थेंब थेंब गळतं, चड्डी ओलसर राहते, आणि त्यानेच कातडी सोलवटते. झाल्यावर एक मिनिट जास्त थांबा, टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइड किंवा व्हॅसलीनचा पातळ थर द्या, आणि गळणं वाढत असेल तर प्रोस्टेट दाखवा. आणि लहान मुलांच्या बापांनी मुलाची पुढची कातडी जबरदस्तीने मागे ओढू नये, ती आपली आपण वेळेवर सुटते, ओढली की चिरते आणि पुढे तिथेच घट्ट होते.

भेगा पूर्ण भरेपर्यंत सेक्स नको, उघड्या भेगेतून संसर्ग सहज जातो, दोन्हीकडून. जोडीदाराला सरळ सांगा, कातडी चिडलीये, काही दिवस थांबू, न सांगता टाळत राहिलात तर समोरचा भलताच अर्थ काढतो. कंडोम वापरल्यावरच जळजळ होत असेल तर लेटेक्सची ॲलर्जी किंवा त्यावरचं स्पर्मिसाइड (शुक्राणू मारणारं रसायन), नॉनऑक्सिनॉल-९, ह्यापैकी एक असू शकतं, बिनस्पर्मिसाइडचा आणि मग पॉलियुरेथेनचा, म्हणजे बिनलेटेक्सचा, घेऊन बघा. आणि हे राहायला नको, व्हॅसलीन काय किंवा कुठलंही तेल काय, लेटेक्स कंडोम त्याने कमकुवत होऊन फाटतो. व्हॅसलीन चालू आहे त्या दिवसांत एकतर पॉलियुरेथेनवाला ठेवा नाहीतर थांबा.